तळ्यागणिक बास वेगळा

लार्जमाउथ बास हा जॉर्जियाचा अधिकृत राज्य-मासा. हा मान त्याला १९७० साली मिळाला; इथल्या लोकांचं बासवेड पाहता जरा उशिराच मिळाला असं माझं मत. मी मूळचा पेणच्या खारेपाटातला. लहानपणी गरी आणि पाग दोन्ही हाताळलेले, त्यामुळे अटलांटाच्या उत्तरेला घर घेतल्यावर शनिवार-रविवारचं काय करायचं हा प्रश्न कधी पडला नाही. इथे वसाहतीगणिक एखादं तळं असतं. कुठे पावसाचं पाणी धरायला खोदलेलं, कुठे जुन्या शेतातला ओहोळ बांध घालून अडवलेला. बहुतेक तळ्यांत बास, आणि प्रत्येक तळ्यातला बास दिसायला निराळा. आमच्या वसाहतीतला पांढुरका, अंगावरचा पट्टा जेमतेम दिसणारा. दोन-तीन मैलांवर चर्चच्या मागच्या तळ्यात गर्द हिरवा, कुशीवर डांबरी पट्टा. दक्षिणेला समुद्राकडच्या सपाट भागात गेलं की पाठ जवळजवळ काळी आणि पोटाकडे तांब्याची झाक. ही वेगळी जात का? याला काही झालंय का? खावा की नाही? हे प्रश्न मला बांधावर बसल्या बसल्या सगळेच विचारतात. उत्तरं देता देता जे पक्कं झालं, ते क्रमाने लिहितो.

१. मासा पाहण्याआधी पाणी पाहा.

जॉर्जियाच्या मधल्या पट्ट्यातली माती लाल. लोहाच्या ऑक्साइडने लाल झालेली, हाताला चिकट, कपड्याला लागली की न जाणारी; कोकणातल्या माणसाला ती परकी वाटत नाही. पाऊस झाला की ती ओहोळातून तळ्यात येते. तिचे कण इतके बारीक की आठवडेच्या आठवडे तळाला बसत नाहीत. अशा पाण्यात ऊन शिरलं की ते कणांवर आपटून सगळीकडे विखुरतं. खाली सावली नाही, बाजूला शेवाळाचा काळोख नाही, चहूबाजूंनी एकसारखा फिकट उजेड. अशा जागी गडद मासा उठून दिसतो आणि फिकट मासा दिसेनासा होतो. आमच्या तळ्यातल्या बासचा पांढुरकेपणा तिथून आला.

मी गाडीत एक काळी-पांढरी चकती ठेवतो. २० सेंटीमीटर व्यासाची, मधोमध दोरी बांधलेली. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली अशाच प्रकारची पांढरी चकती समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. माझी चकती आमच्या तळ्यात पाऊस झाल्यावर वीतभर खाली गेली की गडप होते. चर्चच्या तळ्यात ती माझ्या उंचीइतकी खाली गेली तरी दिसत राहते. चकती कुठे दिसेनाशी झाली ते कळलं की त्या तळ्यातला बास कसा निघणार याचा अंदाज मी गरी टाकण्याआधीच सांगतो, आणि तो फारसा चुकत नाही.

२. रंग कातडीत असतो, पण तो हलता असतो.

माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी घरी एक स्वस्तातला सूक्ष्मदर्शक आला होता. तिचा प्रकल्प आटोपल्यावर मी तो ताब्यात घेतला. बासच्या पाठीवरचा एक खवला, कातडीच्या पापुद्र्यासकट, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिला. उघड्या डोळ्यांना खवला राखाडी-हिरवा दिसत होता. काचेखाली हिरवं काहीच नव्हतं. होते ते काळे ठिपके. काही नुसते गोल, काही कोळ्यासारखे पाय पसरलेले. मधूनमधून पिवळसर डाग, आणि पट्टी तिरकी केली की चमचम.

या रंगपेशी. काळ्या पेशीत मेलॅनिनचे कण असतात, पिवळ्या पेशीत पिवळी रंगद्रव्यं, आणि चमकणाऱ्या पेशीत ग्वानिनचे सूक्ष्म पापुद्रे, जे रंग देत नाहीत तर उजेड परतवतात. तिन्ही एकमेकांवर रचले की आपल्या डोळ्याला बासचा हिरवा दिसतो. यातली काळी पेशी मोठी गमतीची आहे. ती स्वतः लहानमोठी होत नाही. आतले कण मध्यावर गोळा झाले की ती टिंबाएवढी दिसते आणि मासा उजळतो. कण पायांच्या टोकापर्यंत पसरले की मासा काळवंडतो. कणांची ही ये-जा मज्जातंतू आणि संप्रेरकं घडवून आणतात. ज्याच्याकडे सूक्ष्मदर्शक असेल त्याने हे एकदा तरी पाहावं; त्यानंतर ‘या माशाचा रंग कोणता’ हा प्रश्नच अर्धा वाटायला लागतो.

३. एक बदल मिनिटांचा, एक आठवड्यांचा.

हे ध्यानात आलं नाही तर सगळा घोळ होतो. हिरवागार बास पांढऱ्या बादलीत, त्याच तळ्याच्या पाण्यात सोडा आणि थर्मासमधला चहा प्या. चहा संपेपर्यंत कुशीवरचा पट्टा तुटतो, त्याचे वेगवेगळे ठिपके होतात, पाठीची हिरवाई ओसरते. नावेतल्या टाकीत ठेवलेल्या बासचं हेच होतं, म्हणून दिवसअखेरीच्या फोटोतले मासे सगळे एकाच घरचे वाटतात. हा झटपट बदल, केवळ कण गोळा झाल्याचा. घाबरण्याचाही त्यात हात असतो.

दुसरा बदल सावकाशीचा. मासा फिकट किंवा गडद परिसरात दिवसेंदिवस राहिला की काळ्या पेशींची संख्याच कमी-जास्त होते. तळ्याची म्हणून जी ओळख माशावर उमटते ती हीच. तळ्यावरचा खरा रंग नोंदवायचा तर मासा पाण्यातून निघाल्या निघाल्या पाहावा. बर्फाच्या पेटीतला पाहून कोणी तळ्याबद्दल बोलायला लागला की मी विषय बदलतो.

४. कोणता रंग घ्यायचा ते डोळा ठरवतो.

आमच्या फिकट बासच्या तळ्यात एकदा एक कोळशासारखा काळा बास गरीला लागला. बरोबर वसाहतीतला एक मराठी मुलगा होता. “काका, हा दुसऱ्या तळ्यातून आला असेल का?” त्याने विचारलं. मासा वळवून दाखवला. दोन्ही डोळे दुधाळ झालेले, मोतीबिंदू पिकल्यासारखे.

भोवती उजेड आहे की अंधार, हे मासा डोळ्यांनी जोखतो. वरून येणारा प्रकाश आणि तळावरून परतणारा प्रकाश यांच्या प्रमाणावर त्याची कातडी चालते. डोळे गेले की तळाकडून येणाऱ्या उजेडाची खबर बंद होते आणि मासा बहुधा गडद होऊन बसतो. फ्रान्सच्या जॉर्ज पुशे यांनी १८७० च्या दशकात चपट्या समुद्री माशांवर हे दाखवून दिलं होतं: डोळे निकामी केले की मासा तळाच्या रंगाशी जुळवून घेईनासा होतो. तेव्हा एखाद्या तळ्यात एकच मासा वेगळा निघाला तर तळ्याचा विचार सोडा, त्या माशाचे डोळे तपासा. तो काळा बास मात्र चांगला पोसलेला होता. आंधळा असूनही कसा खात होता? बास डोळ्यांइतकाच कुशीवरच्या संवेदी रेषेवरही शिकार करतो, पाण्याची थरथर तिला कळते.

५. चहाच्या रंगाचं पाणी माशाला रंगवत नाही.

दक्षिण जॉर्जियात सायप्रसची झाडं पाण्यात उभी असतात. पानं, साली, लाकूड कुजून त्यातलं टॅनिन पाण्यात उतरतं आणि पाणी कोऱ्या चहासारखं होतं. ओकेफेनोकी दलदलीतून निघणाऱ्या सुवानी आणि सेंट मेरीज या दोन्ही नद्या अशाच काळ्या पाण्याच्या. तिकडच्या तळ्यातला बास गडद, तांबूस झाकीचा. ‘टॅनिन चढतं त्याच्या अंगावर,’ असं तिकडचे जुनेजाणते ठामपणे सांगतात. मी मान डोलावतो आणि मनात असहमत होतो. टॅनिन कापडाला चढेल, जिवंत कातडीला नाही. पाणी पारदर्शक असतं पण उजेड गिळतं. निळा-जांभळा आधी जातो, उरतो तो तांबूस. तळ काळ्या पालापाचोळ्याचा. अशा अंधाऱ्या जागी मासा आपल्या काळ्या पेशी पसरून बसतो. तोच बास स्वच्छ पाण्यात वाढला असता तर त्याची पाठ अशी काळी नसती.

गढूळ पाणी आणि काळं पाणी यांत म्हणून गल्लत करू नये. दोन्हींत आपल्याला तळ दिसत नाही, पण एकातून मासा फिका निघतो आणि दुसऱ्यातून गडद.

६. एका तळ्यातही दोन रंग असतात.

लाकडी धक्क्याच्या सावलीत किंवा पाणवनस्पतींच्या दाटीत मुक्काम असलेला बास गडद आणि ठळक पट्ट्याचा. उघड्या रेताड काठावर फिरणारा फिका. गवताच्या उभ्या काड्यांमध्ये तुटक पट्टा माशाची बाह्यरेषा मोडतो, आणि दबा धरून बसणाऱ्याला तेच हवं असतं.

या रंगाचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासणारा प्रयोग मला फार आवडतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रान्सिस समनर यांनी १९३० च्या दशकात गॅम्ब्युसिया मासे काही काळ्या, काही पांढऱ्या टाक्यांत वाढवले. मग दोन्ही रंगांचे मासे एकत्र सोडून त्यांवर पेंग्विन सोडले. टाकीच्या रंगाशी न जुळणारे मासे जास्त खाल्ले गेले. हे गॅम्ब्युसिया म्हणजे आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत आणि टाक्यांत सोडतात तेच. बासच्या बाबतीत मात्र एक भर घालायला हवी: तो लहानपणी बगळ्याला चुकवण्यासाठी लपतो आणि मोठेपणी सावज चुकू नये म्हणून.

७. खाण्याचा वाटा लोक समजतात त्याहून कमी.

पिवळ्या-लाल छटा देणारी कॅरोटिनॉइड्स मासा स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. सामनचं मांस गुलाबी होतं ते त्यामुळेच. यावरून ‘खेकड्याच्या जातीची क्रेफिश खाल्ली की बास लाल होतो’ असं तळ्यावरचं शास्त्र तयार झालेलं आहे. छटेपुरतं मानायला माझी हरकत नाही. पण फिका की गडद, पट्टा ठळक की पुसट, हा बासच्या रंगातला मोठा भाग मेलॅनिनचा. त्याचं उत्तर पोटात शोधू नये.

८. रंगावरून जात सांगू नका, जबडा पाहा.

गढूळ तळ्यात पट्टा पुसट झाला की लार्जमाउथ आणि स्पॉटेड बास यांत भल्याभल्यांचा गोंधळ होतो. तोंड मिटलेलं असताना वरचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेच्याही पलीकडे गेला तर लार्जमाउथ. डोळ्याच्या आतच थांबला तर स्पॉटेड. शिवाय जिभेवर बोट फिरवलं की स्पॉटेडच्या जिभेवर बहुधा खरखरीत दातांचा चट्टा लागतो. या खुणा पाण्याने बदलत नाहीत.

फ्लोरिडा बास आणि उत्तरेकडचा लार्जमाउथ यांचा प्रश्न याहून अवघड. २०२२ साली जनुकांच्या अभ्यासावरून शास्त्रज्ञांनी या दोन स्वतंत्र प्रजाती मानल्या. त्यात गंमत अशी की मायक्रॉप्टेरस साल्मॉइडीस हे जुनं शास्त्रीय नाव फ्लोरिडावाल्याकडे गेलं आणि उत्तरेकडच्याला निग्रिकन्स हे नाव मिळालं. जॉर्जियात दोघांचा संकर पूर्वापार चालू आहे. तेव्हा मासे विकणारा जर रंग दाखवून ‘हे अस्सल फ्लोरिडा’ म्हणाला, तर त्याच्याकडे जनुक-चाचणीचा कागद मागा. जनुकांमुळे येणारे रंगही असतात, नाही असं नाही. क्वचित एखादा बास सोनेरी-पिवळा निघतो. पण तो लाखात एक. तळ्यातले सगळेच मासे फिके असतील तर ते काम पाण्याचं.

९. फिका म्हणजे आजारी नव्हे, आणि काळा म्हणजे चविष्ट नव्हे.

तब्येत पाहायची तर पोट आणि पाठ पाहा. डोकं मोठं, अंग चिपाड, असे एकाच आकाराचे बास एकामागून एक निघत असतील तर तळ्यात मासे जास्त आणि खाणं कमी झालंय. मग रंग कितीही देखणा असो. आमचे पांढुरके बास चांगले गुबगुबीत आहेत.

एक अपवाद सांगायला हवा. कधी बासच्या अंगावर शाई सांडल्यासारखे कडा स्पष्ट असलेले काळे डाग दिसतात. हा परिसराचा रंग नव्हे. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या डागांचा संबंध एका विषाणूशी जोडला आहे. असा मासा दिसला तर फोटो काढून राज्याच्या मत्स्यविभागाला कळवावं. वसंतात, पाणी साधारण १५ ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आलं की नर काठाजवळ शेपटीने गाळ झाडून घरटं करतो. तेव्हा त्याची शेपटी खरचटून लाल होते. तोही आजार नाही. अशा वेळी त्याला शक्यतो गरी दाखवू नये, कारण तो उचलला की घरट्यातली अंडी मिनिटांत इतर माशांच्या पोटात जातात.

चवीचं म्हणाल तर तळ्यातल्या माशाला कधी कधी येणारा मातकट वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. ते नील-हरित शेवाळ आणि काही जिवाणू तयार करतात, माशाच्या रंगाशी त्याचं देणंघेणं नाही. आमच्या खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा वाढवतात. खाडीतला जिताडा चांदीसारखा, तळ्यातला काळसर-पितळी. जिताडा आणि हा अमेरिकन बास यांचं नातं लांबचं, पण पाण्याप्रमाणे रंग बदलण्यात दोघे सारखे. गावाला चांदीसारख्या जिताड्याचं कौतुक जरा जास्त. तळ्यातला नीट पोसलेला जिताडा रश्श्यात पडला की मला तरी फरक सांगता आलेला नाही.

१०. पाणी निवळलं की मासा गडद होतो.

आमच्या वसाहतीच्या समितीने एका वर्षी गढूळपणाला कंटाळून तळ्यावर उपचार करायचं ठरवलं. उपाय ऐकून मला हसू आलं: तुरटी. आजी पावसाळ्यात हंड्यातल्या पाण्यात फिरवायची तीच. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीने किंवा जिप्समने तो भार मारला की कण गोळा होऊन तळाला बसतात. मात्र तुरटीने पाणी आम्ल होतं आणि या लाल मातीच्या तळ्यांत आम्लता पेलण्याची ताकद मुळात कमी. म्हणून जोडीला चुना द्यावा लागतो, नाहीतर मासे मरतात. आधी बरणीत तळ्याचं पाणी घेऊन मात्रा ठरवली गेली, मगच तळ्यात टाकली. हे काम हौशी माणसाने अंदाजपंचे करू नये.

पाणी निवळलं. पहिल्या काही दिवसांत बास तसेच पांढुरके होते, नितळ पाण्यात लांबूनही दिसत, आणि निळ्या बगळ्यांची चंगळ झाली. पुढच्या आठवड्यांत काठाला पाणवनस्पती आली, आणि हळूहळू कुशीवरचा पट्टा वर आला. आधी तुटक ठिपके, मग ते एकमेकांना जोडले गेले. समितीतल्या एका गृहस्थांनी मला खाजगीत विचारलं, नवे मासे कोणी सोडले. कोणीच सोडले नव्हते.

११. मासा काय पाहतो याची चौकशी दुकानदाराकडे करू नका.

बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या दोनच प्रकारच्या पेशी असतात, हिरव्याला आणि लालला प्रतिसाद देणाऱ्या. इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगात प्रशिक्षित बासनी लाल आणि हिरवा चांगला ओळखला, पण पिवळट-पोपटी आणि पांढरा, तसंच काळा आणि निळा यांत त्यांची गफलत झाली. दुकानात मात्र कृत्रिम आमिषांचे शेकडो रंग टांगलेले असतात. ते गिऱ्हाइकासाठी.

१२. खात्री करण्यासाठी मासे तळ्यातून तळ्यात नेऊ नका.

हे सगळं ऐकल्यावर उत्साही माणूस हमखास म्हणतो, ‘मग इकडचा फिका बास तिकडे सोडून पाहू की!’ कृपा करून पाहू नका. बहुतेक राज्यांत परवान्याशिवाय असं करणं बेकायदेशीर आहे, आणि कारणं भक्कम आहेत. लार्जमाउथ बास विषाणूमुळे झालेली पहिली मोठी मासेमर १९९५ साली शेजारच्या साउथ कॅरोलायनातल्या सँटी-कूपर जलाशयात नोंदली गेली. असा विषाणू बादलीतूनही प्रवास करतो. उत्तर जॉर्जियातल्या चटूग सरोवरात बाहेरून आलेल्या स्पॉटेड बासने तिथल्या स्मॉलमाउथशी संकर केला आणि त्यांची जागा घेतली.

पाहायचंच असेल तर पांढरी बादली आणि काळी बादली घेऊन जा. त्याच तळ्याचं पाणी भरा, हात ओले करून मासा धरा, थोडा वेळ ठेवा, फोटो काढा आणि जिथे पकडला तिथेच सोडा. निघताना बादलीतलं पाणी त्याच तळ्यात ओता, आणि दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी जाळी, बूट, बादली कडक उन्हात वाळवून घ्या.